केशोरावांच्या नटावरचा लाल टिका

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात बसस्टँडकडून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला केशोराव तुरकरांचं गॅरेज लागतं. पाटी नाही. ज्याला पाटी लागते त्यानं दुसरीकडे जावं, असं केशोरावांचं म्हणणं, आणि कोणी विचारलं नाही तरी ते सांगत. वर टिनाचं छप्पर, खाली विटांनी बांधलेला माणूसभर खोल खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि पायऱ्या उतरून तिच्या पोटाखाली जायचं. पस्तीस वर्षं केशोरावांनी या तालुक्यातल्या गाड्या पोटाकडूनच पाहिल्या. गाडीच्या मालकाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे, गिअरबॉक्स राहायचा.

त्यांचं नाव झालं ते एका नटावर. गिअरबॉक्सच्या तळाला एक नट असतो. जुनं तेल काढायचं तर तो उघडायचा आणि नवं भरायच्या आधी बंद करायचा. सांगायला एवढंच काम. पण नट ढिला राहिला तर तेल थेंबाथेंबानं गळतं, आतली कोरडी दातेरी चाकं एकमेकांना खातात आणि गाडी भर रस्त्यात जाम होते. जास्त कसला तर गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियमच्या घरातले आटे सोलून निघतात, आणि मग देवही आला तरी तो नट तिथं बसत नाही. या दोन्हींच्या मधे एक जागा असते. तिथं नटाखालचा वायसर किंचित दबतो, पाना जरा जड होतो आणि हाताला कळतं की झालं. केशोरावांच्या हाताला ती जागा झोपेतही सापडली असती. त्यांनी कसलेला नट गळला असं सालेकशापासून नवेगाव बांधापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीचे नियम ते गिऱ्हाइकाला मंत्रासारखे ऐकवत. आधी वरचा नट सैल करायचा, मगच खालचा. भरायची वाट खुली आहे का ते पाहिल्याशिवाय रिकामं करायचं नाही. वायसर दर वेळी नवा. नट कसून झाला की त्याच्या डोक्यावरून गिअरबॉक्सच्या अंगापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी ती रेघ मधेच तुटते, आणि न तुटलेली रेघ म्हणजे केशोरावांची सही. गोंदियाच्या दुकानदारानं एकदा त्यांना टॉर्क पाना दाखवला होता. ठरवलेला जोर झाला की तो 'कट्' असा आवाज करतो. केशोरावांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि दुकानदाराला परत दिला. "ज्याले हात नाही त्याच्यासाठी आहे हा," ते म्हणाले.

नंदाबाई लग्न होऊन त्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना पाना आणि पकड यातला फरक माहीत नव्हता. माहेरी धानाची शेती, रोवण्याच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकणं, त्यामुळे मनगटं मात्र पुरुषाला लाजवतील अशी. गॅरेज नवं होतं, मदतीला कोणी नव्हतं. गाडीचं पोट धुण्याचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. पदर खोचून त्या खड्ड्यात उतरत आणि डिझेल आणि ब्रशनं चिखल, जुनं तेल, जुना रंग सगळं साफ करून ठेवत. मग केशोराव उतरत. लोक बोलायचे तेवढं बोलले. पवार समाजातली सून गाडीखाली जाते म्हणून भावकीनं नाकं मुरडली, आणि त्याच भावकीचे ट्रॅक्टर पुढं तिच्याच हातून धुवून गेले.

त्या पहिल्या वर्षातली एक दुपार आहे. केशोराव खुशीत होते. नंदाबाई खड्ड्यात कंदील धरून उभ्या होत्या, तेव्हा त्यांनी त्यांचा हात ओढून पान्यावर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. दोघांनी मिळून नट फिरवला. पाना जड झाला तशी केशोरावांनी त्यांची बोटं दाबली. "समजलं? हात म्हणते बस, तिथं बस," ते म्हणाले. नंदाबाई लाजल्या की हसल्या, कंदिलाच्या उजेडात कळलं नाही. केशोराव ती दुपार विसरूनही गेले. पुरुषमाणसं अशा गोष्टी विसरतात, आणि नेमकं नको तेव्हा त्यांना त्या आठवतात.

मुलगी गुंजन झाली, शिकली, लग्न होऊन नागपूरला गेली. केशोरावांना साखरेचा आजार लागला. गोळ्या सुरू झाल्या आणि ते विषय मिटला असं समजले. याच सुमारास, चार वर्षांपूर्वी, नंदाबाईंनी नवंच खूळ काढलं. केशोरावांचा नट कसून झाला, पिवळी रेघ ओढून झाली की त्या म्हणत, "तुमी चाय घ्या जी. मी गाडीले टिका लावून येते." आणि गुंजनची लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन खड्ड्यात उतरत. केशोराव बाहेर स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसत आणि गरम चहाचा काचेचा ग्लास खालून वरून कसाही धरून पीत. बाकीचे फडक्यानं धरत. यांना चटकाच बसत नसे. मेकॅनिकचा हात आहे, ते सांगत. चहा संपेपर्यंत नंदाबाई वर आलेल्या असत. गाडीवाल्यांना तो टिका आवडायचा. नव्या गाडीला कुंकू लावतात, तसं जुन्या गाडीच्या पोटालाही कोणीतरी लावतंय, याचं त्यांना बरं वाटे.

केशोरावांना त्याचं काही नव्हतं. एकदाच खटका उडाला. चहा लवकर संपला म्हणून ते परत आले, तर नंदाबाई खड्ड्यात आणि त्यांच्या हातात पाना. वर दोन गिऱ्हाइकं उभी होती. केशोरावांचा पारा चढला. "माह्या नटले दुसऱ्याचा हात लागला तं तो नट माहा नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "टिका लावाचा तं लाव. पान्याले हात लावाचा नाही. तुले काय समजते त्यातलं?"

पाना खाली पडला होता तो उचलत होते, एवढंच नंदाबाई म्हणाल्या. तेव्हापासून चहा मोठ्या ग्लासात येऊ लागला.

गेल्या भाद्रपदात नंदाबाई सकाळी विहिरीवरून आल्या, डोकं दुखतं म्हणून भिंतीला टेकून बसल्या, आणि उठल्या नाहीत. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. चुलीवर उकळणाऱ्या भाताचं झाकण त्यांनीच थोड्या वेळापूर्वी सरकवलं होतं, ते तसंच तिरपं होतं. केशोराव रडले नाहीत. तेरा दिवस झाले, गुंजन नागपूरला परतली आणि त्यांनी गॅरेज उघडलं. घरात बसून काय करायचं? घरात प्रत्येक डबा तिनं लावलेला होता.

महिनाभरात पहिली गाडी परत आली. एका शेतकऱ्याची जीप होती, खाली तेलाचा डाग. केशोरावांनी वायसरला दोष दिला. मग दुसरी आली. तिसरी तर आलीच नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला घेऊन गेलेली व्हॅन सालेकशाच्या जंगलातल्या रस्त्यावर जाम झाली, आणि वरमाय टोपल्यांसकट दोन तास मोहाच्या झाडाखाली बसून राहिली. गिअरबॉक्समध्ये थेंबभर तेल उरलं नव्हतं. केशोराव गोंदियाला जाऊन वायसरवाल्याशी भांडून आले. माल बदलला, तेल बदललं, नटाला सील करायची ट्यूबही लावून पाहिली, जी त्यांनी जन्मात कधी वापरली नव्हती. नट गळतच राहिले.

तेव्हा त्यांनी जोर वाढवला. एका मास्तरांची गाडी होती. हात म्हणाला बस, त्यांनी ऐकलं नाही. आणखी दाबलं, पान्याला पाइप लावून दाबलं. पाना एकदम हलका झाला. आटे गेले होते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गिअरबॉक्सचं घर फोडलं होतं. मास्तर सज्जन माणूस. फक्त एवढंच म्हणाले की थोडे दिवस आराम करा, बाई गेल्यापासून तुमचं मन थाऱ्यावर नाही. केशोरावांना शिवी चालली असती. ही कीव त्यांच्या जिव्हारी लागली. मन गेलं तर जाऊ दे, पण हात? हातावर तर सगळं उभं होतं. हात गेला तर केशोराव म्हणून काय उरतं, हे त्यांना कळेना.

लोकांनी हळूहळू यायचं सोडलं. चुन्नीलाल मात्र आला. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवणारं हे जुनं गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. व्हॅनच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून दोन वर्षं झाली होती. एका थेंबाची गळती नाही, त्यानं मुद्दाम ऐकवलं, तुम्हीच कसलेला नट आहे. केशोरावांना बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वीचा का होईना, आपला हात अजून कुठंतरी शाबूत आहे.

ते खड्ड्यात उतरले. पोट धुवायला आता कोणी नव्हतं. त्यांनी स्वतःच डिझेलचा डबा आणि ब्रश घेतला आणि नटाभोवतीचा वाळलेला चिखल हळूहळू काढला. आधी लाल टिका दिसला. नटाच्या डोक्यावरून गिअरबॉक्सच्या अंगापर्यंत, बारीक आणि सरळ. ती लिहायला शिकली नव्हती, पण रेघ कशी सरळ होती. केशोरावांनी बोटानं ती पुसली, म्हणजे फक्त तिच्यावरचं तेल पुसलं.

मग त्यांना आपली पिवळी रेघ दिसली. ती तुटलेली होती.

गिअरबॉक्सच्या अंगावरचा पिवळा तुकडा एकीकडे होता आणि नटाच्या डोक्यावरचा तुकडा त्याच्यापासून एक बोटभर पुढं, आवळायच्या बाजूला. नट ढिला झाला असता तर तो मागं गेला असता. हा पुढं गेला होता. त्यांनी रेघ ओढल्यानंतर कोणीतरी तो नट आणखी एक बोट आवळला होता, आणि मग त्या नव्या जागेवर लाल रेघ ओढली होती. नटाची भाषा त्यांना माणसांच्या भाषेपेक्षा जास्त कळायची. तिथं वाचायला दुसरं काही नव्हतंच.

चुन्नीलालला त्यांनी व्हॅन परवा आणायला सांगितली आणि नट न उघडताच ते वर आले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भाजीच्या रांगेपलीकडे गाड्या उभ्या असतात तिथं केशोराव गेले, खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर टाकला आणि एका जीपखाली शिरले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. लोक हसले. म्हातारा बायको शोधून राहिला गाडीखाली, असं एक जण म्हणाला. बोलणाऱ्याला आपण किती खरं बोललो याची कल्पना नव्हती. चिंधीनं चिखल पुसत केशोरावांनी सहा गाड्या पाहिल्या. जिथं लाल टिका होता तिथं पिवळी रेघ तुटलेली होती. कुठं अर्धं बोट, कुठं एक बोट. जितका टिका अलीकडचा, तितकं अंतर जास्त. एका जुनाट जीपला टिका नव्हता, तिचं तेल पाच वर्षांपूर्वी बदललेलं होतं. तिची पिवळी रेघ मात्र अखंड होती.

म्हणजे चार वर्षं. चार वर्षं तालुका ज्या हाताचं नाव घेत होता तो हात केशोरावांचा नव्हता.

त्यांनी गुंजनला फोन लावला. लाल बाटल्यांचं विचारलं. माय दर राखीला नवी बाटली मागून घ्यायची, गुंजन सांगू लागली आणि मधेच थांबली. बाबूजींचा आवाज तिनं ओळखला.

"तुले मालूम होतं?" केशोरावांनी विचारलं.

"हो," गुंजन म्हणाली. "चायच्या ग्लासावरून मायच्या ध्यानात आलं होतं. उकळता ग्लास तुमाले पोळतच नव्हता. साखरेनं बोटं मेली म्हणे बाबूजीची. मी म्हटलं, सांगून टाक. तं म्हणे, सांगतलं तं गॅरेज बंद करतीन, आन् गॅरेज बंद झालं तं ते जगणार नाही."

"तिले कसणं कोणं शिकवलं?"

"तुमीच ना, बाबूजी. कंदील धरून होती म्हणे ती."

केशोरावांनी फोन ठेवला. आता त्यांना ती दुपार आठवली; कंदील, तिची बोटं, त्यांच्यावर आपली बोटं. तेव्हाचा त्यांचा धडधाकट हात तिनं तीस वर्षं आपल्या हातात जपून ठेवला होता. त्यांचा गेला, तेव्हा तो काढून गुपचूप वापरला. आणि त्यांनी चारचौघांत तिला विचारलं होतं, तुले काय समजते त्यातलं. तिनं खाली पडलेल्या पान्याचं निमित्त सांगितलं. चहाचा ग्लास तेवढा मोठा केला. या एका वाक्याची माफी मागायला जगात आता जागा नव्हती, आणि हे कळल्यावर केशोरावांना जे रडू भाद्रपदात आलं नव्हतं ते आलं. ते भांड्यांच्या फळीसमोर उभे राहून रडले, कारण फळीही तिचीच होती.

व्हॅन येणार होती त्या सकाळी पहिल्या बसनं ते गोंदियाला गेले आणि टॉर्क पाना घेऊन आले. दुकानदारानं जुनी आठवण काढली नाही, हे त्याचे उपकार.

चुन्नीलाल व्हॅन घेऊन आला तेव्हा केशोरावांनी त्याला स्पष्ट सांगितलं, की चार वर्षं तुझ्या गाडीचा नट मी कसलेला नव्हता, गुंजनच्या मायनं कसला होता. माझ्या बोटांना आता कळत नाही. तो म्हणाला की तरी गाडी तुमच्याच खड्ड्यावर राहील, आणि स्टुलाशेजारी उकिडवा बसला.

केशोराव खाली उतरले. वरचा नट आधी सैल केला. मग खालच्या नटाला पाना लावला. तिनं आवळलेला नट निघायला जड गेला. लाल रेघ मधोमध तुटली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. काळं तेल पडून गेलं. नटाच्या टोकावरच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस काजळासारखा चिकटला होता, तो पुसला. नवा वायसर घातला. नट हातानं बसवला आणि जुन्याच पान्यानं कसला. हात म्हणाला बस. त्यांनी थांबून पिवळी रेघ ओढली, नटापासून अंगापर्यंत, एका ओढीत. लाल बाटली त्यांनी बरोबर आणली होती. ती उघडून पायरीवर ठेवली, तिची ठेवायची जागा होती तिथं.

मग ते वर आले, स्टोव्हवर चहा केला, मोठ्या ग्लासात ओतला आणि रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसले. खड्ड्याकडे पाठ. तेल भरायचं राहिलं आहे, चुन्नीलालनं आठवण करून दिली.

"थांब जरा," केशोराव म्हणाले. "टिका लागाचा आहे."

रस्त्यानं एक एसटी गेली, दोन मोटारसायकली गेल्या. केशोरावांनी चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. एकदाही मागं पाहिलं नाही. ग्लास उकळता होता आणि बोटांना काही कळत नव्हतं.

चहा संपल्यावर ते टॉर्क पाना घेऊन खड्ड्यात उतरले. बॅटरी लावून त्यांनी नट पाहिला. पिवळी रेघ कुठंच तुटलेली नव्हती; नट त्यांनी सोडला होता तिथंच होता.